थोरला आणि धाकटी

आंबेमोहर भात अंगाने उंच. भाद्रपदात मुळशीच्या कोळवण खोऱ्यातल्या खाचरांत तो सगळ्यांच्या वर मान काढून उभा असतो, आणि ही उंचीच त्याला नडते. लोंब्या भरून आल्या की परतीच्या पावसाची एक जोरदार सर पुरते. थोरला जो आडवा होतो तो थेट चिखलात. बांधापलीकडे धाकटी, इंद्रायणी, मात्र ताठ. त्या घटकेला तो तिच्याकडे कसा बघत असेल, हे मुळशीतल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना सांगावं लागत नाही. जवान पोरं भाताचे भारे डोक्यावर घेऊन खळ्याकडे निघतात, तेव्हा बांधावर बसून तेही तसंच बघतात.

इंद्रायणी त्याचीच लेक. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि फिलिपिन्सहून आलेला बुटका आयआर ८ यांच्या संकरातून ती घडवली आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती दिली. बुटक्या घराण्याकडून तिला दणकट ताट मिळालं, खत पचवायची ताकद मिळाली. थोरल्याला जरा जास्त खत पडलं की तो आणखी वाढतो आणि आणखी लवकर लोळतो. गिरणीतही त्याची कणी फार पडते. एकरी पोती मोजायला बसलं तर लेकीपुढे त्याचा टिकाव लागत नाही.

तरी हेवा तिलाही आहे. तिच्या भाताला मऊपणा आहे, गोडवा आहे, वासही आहे. पण चुलीवर आंबेमोहर रटरटू लागला की आंब्याच्या मोहराचा जो दरवळ शेजारच्या पडवीपर्यंत जातो, तो तिच्या वाट्याला पुरता आला नाही. आजाऱ्याच्या पेजेला आजही आधी नाव निघतं ते थोरल्याचं. त्या नावाला बाजारात अशी किंमत, की परराज्यांतला बारीक, वासाचा तांदूळही आंबेमोहर म्हणून विकला जातो. मला हे फार लागतं. खऱ्या थोरल्याचं पीक आटत चाललंय आणि नावाला मात्र गिऱ्हाईक वाढतंय.

आणि त्याच्यापाशी काळ आहे. १९२१ साली मुळशी पेट्यातले मावळे तिथे होऊ घातलेल्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला उभे राहिले, सेनापती बापट त्यांच्या पुढे झाले. तरी धरण झालं आणि निळा-मुळेकाठची भातखाचरं पाण्याखाली गेली. त्या खाचरांची ओळख थोरल्याच्या पिढीला होती. लेक जन्मली तेव्हा तिथे नुसतं पाणी होतं.

आता पिरंगुट-हिंजवडीकडे खाचरांचे प्लॉट पडतायत, तेव्हा दोघांनाही जागा कमी. राहिलेल्या शेतांत घरोघरचा हिशेब साधा आहे: विकायला इंद्रायणी, घरच्यापुरता एका खाचरात आंबेमोहर. त्याचा लांब पेंढा गुरांना होतो. तांदळाचं पोतं आतल्या खोलीत राहतं, आणि पाहुणा अगदी जवळचा असला तरच सोडलं जातं.