त्रिकोणमितीशीं आमची झटापट

"पुढील राशीला सोपें रूप द्या," असा प्रश्न दिसला कीं आमच्या पोटांत गोळा येई. गुरुजींनीं फळ्यावर चार ओळींत संपविलेलें उदाहरण आमच्या वहींत पान-दीडपान चाले, आणि शेवटीं पहिल्याहूनहि बिकट रूप हातीं येई!

पुढें एक युक्ति कळली. कोणत्याहि कोनाच्या ज्येचा वर्ग व कोज्येचा वर्ग यांची बेरीज १ होते. तेव्हां ते दोन वर्ग एकत्र कसे येतील एवढेंच पाहावयाचें. 'ज्या' भागिले '१ अधिक कोज्या' यांत त्याचाच व्यस्त मिळवा. समच्छेद करतांच अंशस्थानीं दोन्ही वर्गांचा १ होतो, '१ अधिक कोज्या' हा अवयव वर-खालीं उडतो, आणि २ भागिले ज्या एवढेंच उरतें.

हें साधल्यावर आम्हांस गर्व चढला, व तोच नडला. परीक्षेंत '१ वजा ज्येचा वर्ग' याचें वर्गमूळ आम्हीं बेधडक 'कोज्या' असें लिहिलें. कोन विशाल आहे, ही अट वाचलीच नव्हती. त्या एका उदाहरणापायीं वरच्या तुकडींतील जागा हुकली.

आमचे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यांत टर्नर आहेत. त्रिकोणमिति त्यांच्या वाट्यास आली नाहीं. रात्रपाळीहून बदलापुरास घरीं आल्यावर त्यांनीं तो पेपर पाहिला. आम्ही मान खालीं घालून उभे होतों. ते एवढेंच म्हणाले, "अरे, माप लावून पाहिलेंस का? आम्ही गेज लावल्यावांचून जॉब पुढें देत नाहीं."

तेथेंच बसून आम्हीं १२० अंश घालून पाहिले. ज्येचा वर्ग ०.७५, उरलेल्या ०.२५ चें वर्गमूळ ०.५. पण १२० अंशांची कोज्या तर उणें ०.५! उत्तर 'उणें कोज्या' हवें होतें.

अंबरनाथच्या शिवालयांतील शिलालेख इ. स. १०६० चा. त्यानंतर ५४ वर्षांनीं भास्कराचार्य जन्मले, आणि 'सिद्धान्तशिरोमणि' या ११५० सालच्या ग्रंथांत त्यांनीं दोन कोनांच्या बेरजेची ज्या काढण्याची रीत दिली. (त्यांच्या गणितांत त्या दोन वर्गांची बेरीज १ नसे, त्रिज्येचा वर्ग असे, आमचें ओझें त्या मानानें हलकेंच.) ती रीत लांबलचक वाटून, दोन ज्यांची नुसती बेरीज करावी असा मोह आम्हांस परवां झाला. म्हणून ३० व ६० अंश घालून पाहिले. बेरीज १.३६६ आली, ९० अंशांची ज्या १. तो जॉब आम्हीं पुढें दिला नाहीं.