घसरणारे चाक

“एलएसडी? ती कशाला बसवायची?” असे मी स्टाफरूममध्ये फोनवर मोठ्याने विचारले आणि समोर पेपर तपासत बसलेल्या दोन सहकाऱ्यांनी एकदम मान वर केली. पलीकडे धाकटा भाऊ हसत होता. एलएसडी म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, त्याच्या गाडीच्या मागच्या आसात बसवायचा एक जिन्नस. २०२४च्या नोव्हेंबरात मी रजा जोडून त्याच्याकडे जाणार होतो आणि हे काम त्याने माझ्यासाठी राखून ठेवले होते. मोटारीतले मला फारसे कळत नाही, हे त्याला पक्के ठाऊक आहे. तरीही राखून ठेवले होते.

भाऊ अमेरिकेत, मिनेसोटातल्या डलूथ गावी राहतो. लेक सुपीरिअरच्या काठावर सुरू होणारे हे शहर थेट टेकडीवर चढत जाते. आपल्या घाटांना निदान वळणे तरी असतात. इथले काही रस्ते सरळ आणि उभे. त्यात भावाची गाडी १९८९ची बीएमडब्ल्यू ३२५आय, चार दारांची, इंजिन पुढे आणि जोर फक्त मागच्या चाकांना. शेजारीपाजारी चारही चाकांना जोर असलेल्या गाड्या बाळगतात. मग याचा हा हट्ट कशासाठी, असे मी विचारले नाही. आमच्या घरात हट्टाची कारणे विचारण्याची पद्धत नाही.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्याला जखडली तर एकाची फरफट होईल. म्हणून मध्ये दातेरी चक्रांची अशी जुळणी असते की दोघांनी आपापल्या गतीने फिरावे. साधे डिफरन्शियल ते हेच. मात्र एक चाक चिखलात किंवा बर्फावर आले की ते जागच्या जागी गरागरा फिरते आणि कोरड्या जमिनीवरचे दुसरे ढिम्म उभे राहते.

हा प्रकार मी आठव्या-नवव्या वर्षापासून पाहत आलो होतो. आम्ही कोल्हापूरचे. गणपतीला आंबा घाट उतरून देवरुखच्या बाजूला आजोळी जायचो, आप्पांच्या सेकंडहॅण्ड ॲम्बॅसडरमधून. साखरप्याच्या पुढे मुख्य रस्ता सोडला की तांबड्या चिखलाची वाट, आणि ठरल्यासारखे डावे मागचे चाक रुतायचे. चाकाखाली गोणपाट सरकवायचे काम माझे. धाकट्याला आई गाडीतच धरून बसायची, कारण चिखल अंगावर उडतो. आप्पा हॅण्डब्रेक दोन-तीन खटके ओढत, पुरता नाही, आणि पायाने हलकेच ॲक्सिलरेटर देत. गाडी कण्हत बाहेर यायची. ब्रेक ओढून गाडी पुढे कशी जाते, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पुढे मराठी शिकवू लागल्यावरही पडला नाही, हे जास्त लाजिरवाणे.

कारण त्या चाकाचे मी रूपक करून टाकले होते. मनातल्या मनात, कुठे छापले नाही हे नशीब. २००६ साली भावाला एम.एस.साठी पाठवताना आप्पांनी राहते घर तारण ठेवले. त्याच वर्षी मला पीएच.डी.साठी पुण्याला जायचे होते. ते ‘पुढच्या वर्षी बघू’वर गेले आणि तिथेच राहिले, मी कोल्हापुरातच नोकरीला लागलो. जे चाक जमीन सोडून फिरू लागले, त्याच्याकडे घराचा सगळा जोर गेला. जे जमिनीला धरून होते, ते होते तिथे राहिले. रूपक इतके चपखल होते की अठरा वर्षे मी ते तपासले नाही. प्रतिमा आधी वस्तूवर घासून पाहा, असे विद्यार्थ्यांना मात्र दरवर्षी सांगत आलो.

काम दोन दिवस चालले. भावाने एक जुने, पण आतल्या चकत्या नव्या घातलेले डिफरन्शियल मिळवले होते. त्याच्या पट्टीवर ‘एस ३.७३’ असे ठोकलेले. ३.७३ हे गुणोत्तर: चाकांच्या एका फेऱ्यामागे इंजिनाकडून येणारा लांब दांडा जवळजवळ पावणेचार फेरे घेतो. हा आकडा जुन्याशी जुळला नाही तर गाडीचा स्वभावच बदलतो. ‘एस’ जर्मन शब्दाचा, अडसर अशा अर्थाच्या. इंग्रजी घसरण्याला मर्यादा घालते, जर्मन सरळ अडसर घालते. याला मराठीत काय म्हणावे यावर गाडीखाली उताणा पडून मी बराच वेळ घालवला. काही जमले नाही.

पहिला धडा तेलाचा. खालचे बूच काढून तेल सोडण्याआधी वरचे, तेल भरायचे बूच उघडते का ते बघायचे. तेल वाहून गेले आणि भरायचे बूच गंजून बसलेले निघाले, तर गाडी तिथेच अडकली. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे खालचा प्रत्येक बोल्ट गंजाने धरलेला. दोन्ही बाजूंच्या आसदांड्यांचे सहा-सहा बोल्ट, मधल्या दांड्याचे चार. त्यातल्या एकाच्या नादात शनिवारची अख्खी दुपार गेली. शेवटी तो तापवून सोडवला. मागच्या झाकणात स्पीडोमीटरची तार असते. ती मी तशीच तोडली असती, भावाने हात धरला. मग तो तीस-पस्तीस किलोंचा लोखंडी गोळा जॅकवर तोलत खाली घेतला आणि दोघे गॅरेजच्या फरशीवर बसून राहिलो.

तेव्हा मी त्याला ते रूपक सांगितले. गंमत म्हणून सांगावे तसे सांगितले.

तो चिंध्याने हात पुसत राहिला. मग म्हणाला, “दादा, चुकीचं आहे ते.”

“काय चुकीचं?”

“साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतं. कायम. तो किती असेल ते घसरणारं चाक ठरवतं. त्याच्याखाली धरायला काही नाही, म्हणून त्याला थोडाच मिळतो, आणि म्हणून दुसऱ्यालाही तेवढाच. फेरे सगळे त्याचे दिसतात. पीळ कुणालाच नसतो.”

टॉर्कला आमची पाठ्यपुस्तके परिबल म्हणतात. त्याने पीळ म्हटले, आप्पा म्हणायचे तसे.

थोड्या वेळाने त्याने न विचारता सांगितले की २००९ मध्ये नोकरी गेली तेव्हा चार महिने तो एका मित्राच्या तळघरात झोपत होता. आप्पांना कळवले नव्हते. त्या चार महिन्यांचे कर्जाचे हप्ते मी माझ्या पगारातून भरले होते आणि प्रत्येक हप्ता मला आठवत होता. तळघर मला माहीत नव्हते. आप्पा २०१९ साली गेले, त्यांनाही माहीत नव्हते.

“मग आप्पा हॅण्डब्रेक का ओढायचे?” मी विचारले.

“घसरणाऱ्या चाकाला थोडा विरोध मिळाला की त्याचा पीळ वाढतो. मग दुसऱ्यालाही तेवढाच वाढून मिळतो. ब्रेक दोन्ही चाकांना लागतो, त्यामुळे थोडं वाया जातं. पण निघायला पुरतं.”

“हे त्यांना कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगेल? चिखलात शिकले असतील.”

नव्या जिन्नसात हेच काम चकत्यांची चळत करते. पीळ आला की चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि दोन्ही बाजूंना सुटे फिरू देत नाहीत. पुरत्या जखडतही नाहीत, नाहीतर वळण घेता येणार नाही. शर्यतीच्या गाड्यांची मागची चाके जोरामुळे जागीच फिरू लागली, तेव्हा फर्डिनांड पोर्शने १९३५ साली झेडएफ कंपनीकडून घसरण्याला मर्यादा घालणारे डिफरन्शियल करवून घेतले. अर्थात ही काही जादू नव्हे. दोन्ही चाके काचेसारख्या बर्फावर असतील तर दोन्ही मिळून घसरतात आणि गाडीची शेपटी बाजूला जाते. हिवाळी टायर याहून जास्त उपयोगाचे, हे भावानेच कबूल केले. मग हा खटाटोप कशाला, हेही मी विचारले नाही.

रविवारी संध्याकाळी सगळे जोडून झाले. चकत्यांसाठी वेगळे मिश्रण घातलेले तेल भरले. कामाला लागण्यापूर्वी भावाने मागची दोन्ही चाके हवेत उचलून मला एक फिरवायला लावले होते, तेव्हा पलीकडचे उलट्या दिशेने फिरले होते. आता पुन्हा फिरवले. जड गेले, पण पलीकडचे त्याच दिशेने फिरले. मी तीनदा फिरवून पाहिले.

बर्फ मंगळवारी पडला. आम्ही टेकडीवरच्या रस्त्याने निघालो. चढावर एका चौकात थांबावे लागले. उजवी चाके कडेच्या गोठलेल्या पाण्यावर, डावी कोऱ्या डांबरावर. पुन्हा निघताना गाडी मागून किंचित हलली आणि चढू लागली.

“दादा, हात काढ,” भाऊ म्हणाला. माझा हात हॅण्डब्रेकवर होता.

गुरुवारी मी परतलो. नव्या चकत्यांचा भुगा तेलात उतरतो, म्हणून काहीशे मैलांनंतर ते तेल पुन्हा बदलावे लागते. ते त्याने डिसेंबरात एकट्याने बदलले आणि फोटो पाठवला. भरायचे बूच आधी उघडलेले होते.