दावा आणि दावे

मराठी भाषा मोठी खोडकर आहे. गुराला बांधायचे ते दावे आणि कोर्टात लावायचा तो दावा. काना-मात्रेचा काय तो फरक! वर्गात ही कोटी केली की मुले हसतात. अलीकडे मला स्वतःला मात्र हसू येत नाही.

आमच्या कुणकेश्वराच्या दक्षिणेला गोवा. तिथल्या सॅबॅस्टियन रॉड्रिग्ज यांनी खाणींविरुद्ध लेखणी चालविली. २००८ साली फोमेन्तो या खाण उद्योगसमूहाने त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावला. रक्कम ५०० कोटी रुपये, आणि कोर्ट कलकत्त्याचे! वास्कोहून हावडा रेल्वेने दोन हजार किलोमीटरांच्याही पलीकडे. अब्रू सर्वांनाच असते, खाणमालकालाही. तिच्यासाठी न्याय मागण्याचा हक्क कोण नाकारील? पण ज्याच्याकडून एवढी रक्कम सात जन्मांत वसूल व्हायची नाही, त्याच्याकडे ती मागावी कशाला, असे आपल्यासारख्याला वाटतेच. अमेरिकेतील दोन प्राध्यापकांनी अशा दाव्यांना 'स्लॅप', म्हणजे चपराक, असे नाव दिले. मला आपले दावेच नेमके वाटते. चपराक एकदा बसते. दावे रोज गळ्यात असते. गुरू मरत नाही, उपाशी राहत नाही. फक्त खुंट्याभोवती फिरत राहते. तारीख, वकील, तारीख.

आणि दावे काही कंपनीच बांधते असे नाही. गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालात नोंद आहे, की ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात १९१ दिवस पोलीस कायद्याखाली जमावबंदी होती. पाचांहून अधिक माणसांनी जमायचे नाही. मग गाऱ्हाणे घालायचे कसे?

माझा एक जुना विद्यार्थी दोडामार्गाकडचा. कळण्याच्या लोहखनिजाचा तोच मुलूख. नोटीस आली ती त्याच्या शेजाऱ्याला. पण पोरगा ग्रामसभेला निघाला तेव्हा आई दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "झिला, तू काय्येक बोलू नको." एकाच्या गळ्यात दावे पडले की सारा गोठा गप्प होतो, तो असा.

तरी कोर्ट म्हणजे नुसता खुंटा नव्हे. गोवा फाउंडेशनच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. दार उघडे आहे. तिथवर पोचण्याइतका दम मात्र हवा.

वसुबारसेला आपण गाईला ओवाळतो. ओवाळताना यंदा तिच्या दाव्याकडेही जरा पाहावे.