गोळी, झटका आणि लघवीचा रंग

रोगापेक्षा औषध भयंकर, असं माणूस सहसा दुसऱ्याच्या औषधाबद्दल म्हणतो. स्वतः खाटेवर असला की निमूट हात पुढे करतो.

हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर पल्स्ड फील्ड अब्लेशन नावाचा नवा उपचार आलाय. डाव्या वरच्या कप्प्यात नळी सरकवून विजेचे क्षणार्धाहून छोटे झटके देतात. ठोके बिघडवणाऱ्या जागेतल्या पेशींना भोकं पडून त्या मरतात. पण नळीला घासून जाणारं रक्तही तिथेच असतं. त्यातल्या तांबड्या पेशी फुटतात, सुटलेलं हिमोग्लोबिन फार झालं की मूत्रपिंडाला जाचतं. म्हणून झटके मोजतात, सलाईन चढवतात. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 17,642 रुग्णांपैकी पाच जणांची मूत्रपिंडं यापायी निकामी होऊन डायलिसिस लागलं. एवढ्याशा आकड्यावर म्हण लावायची का? त्या पाचांच्या घरी लावतही असतील.

पण तांबड्या पेशी फुटण्याची धास्ती गडचिरोलीला नवी नाही. इथे सिकलसेल आहे, आणि मलेरिया तर पाचवीला पुजलेला. मलेरियावरच्या क्विनाइनला एकेकाळी काळ्या लघवीच्या तापासाठी दोषी धरत. त्या तापातही पेशी फुटून मूत्रपिंडं बसत. गंमत अशी की 1912 साली एका डच व्यापाऱ्याने हृदयतज्ज्ञ वेंकेबाख यांना सांगितलं, माझे बिघडलेले ठोके क्विनाइनने ताळ्यावर येतात. डॉक्टरांचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी तो नाडी ठाकठीक करून हजर! पुढे 1918 साली त्याच सिंकोनाच्या सालीतलं क्विनिडीन ठोक्यांवरचं औषध ठरलं. ताप, ठोके आणि मूत्रपिंड यांची गाठ एका झाडाच्या सालीत पडावी, हे म्हणीत कुठे बसवायचं?

आजही व्हायवॅक्स मलेरियाला चौदा दिवस प्रायमाक्विन देतात, नाहीतर यकृतात दडलेला जंतू पुन्हा उठतो. मात्र ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतः कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी हीच गोळी फोडते. म्हणून बजावायचं : लघवी काळपट झाली तर गोळ्या थांबव, दवाखाना गाठ.

हृदयाच्या वॉर्डात लघवी पिशवीत जमते, तिचा रंग नर्सच्या नजरेसमोर असतो. भामरागडकडच्या पाड्यावरून पहाटेच्या अंधारात रानात जाणाऱ्या बाईला तो दिसणार कसा? बरं, धसका घेऊन तिने गोळ्या अर्ध्यावर टाकल्या, तर ताप ऐन पावसाळ्यात उलटायचा, पर्लकोटेला पूर येऊन रस्ता बंद असताना. आशाताईला दोन्ही सांगावं लागतं, गोळ्या पुऱ्या कर आणि रंग बदलला तर थांब. यातलं आधी कुठलं सांगायचं?