बहिणीचं नाव कर्जातून काढायचंय? मग हे वाचा

घरकर्ज "ट्रान्सफर" होत नाही. गेले पाच महिने मी हेच वाक्य वेगवेगळ्या टेबलांवर वेगवेगळ्या शब्दांत ऐकतोय. गाडीच्या आरसी बुकावर नाव बदलावं तसं दोघांच्या कर्जातलं एक नाव खोडून दुसरं ठेवता येईल, असं आपल्याकडे बहुतेकांना वाटतं. घरातल्या घरात तर आहे, भाऊ-बहीणच तर आहेत, मग अडचण काय? अडचण अशी की बँकेला भाऊ-बहीण दिसत नाहीत, तिला दोन कर्जदार दिसतात. आणि दोनातला एक तिनं कशासाठी सोडायचा?

आमचं प्रकरण सांगतो, कारण अशी घरं माझ्या ओळखीतच दहाएक तरी निघतील.

२०१३ साली आम्ही सिंहगड रोडला फ्लॅट घेतला, ३८ लाखांना. बाबा निवृत्तीला आलेले, त्यांना वीस वर्षांचं कर्ज कोण देणार? मी नुकताच नोकरीला लागलेलो, पगार १८ हजार. ताईचा पगार बरा होता. म्हणून करार ताईच्या आणि माझ्या नावावर, आणि ३० लाखांचं कर्जही दोघांच्या नावावर. बाबांनी पीएफ मोडून आठ लाख घातले, ताईनं साठवलेले तीन लाख दिले. २०१७ मध्ये तिचं लग्न होईपर्यंत हप्त्यातला अर्धा वाटा, म्हणजे महिना साडेचौदा हजार, तिच्या खात्यातून जात होता. चार वर्षांचे सात लाखांच्या आसपास होतात. लग्नानंतर पूर्ण हप्ता माझ्याकडे आला. ताई नाशिकला गेली. कागदावर मात्र इथेच राहिली.

आता ती आणि दाजी नाशिकला घर घेतायत. बँकेत गेल्यावर कळलं की तिच्या सिबिलवर आमचं कर्ज पूर्णच्या पूर्ण दिसतं. अर्धं नाही, पूर्ण! आठ वर्षांत या कर्जाचा तिनं एक रुपया भरला नसला तरी २९ हजारांचा हप्ता तिचाच धरला जातो. पगाराच्या साधारण निम्म्यापर्यंतच हप्ते चालतात, त्यात २९ हजार आधीच गेले. उरलेल्या पात्रतेत नाशिकला वन बीएचकेसुद्धा बसेना.

यात बँकेची लबाडी नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, त्याचं कलम ४३ सांगतं की अनेकांनी मिळून वचन दिलं असेल तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास त्यातल्या कोणाही एकाकडून पूर्ण वसुली मागता येते. अर्धं कर्ज तुझं, अर्धं माझं हा हिशोब आपल्या जेवणाच्या टेबलावरचा. तो बँकेला लागू नाही.

आमच्या नात्यात ही गोष्ट कळल्यावर मामा म्हणाला, "त्यात काय एवढं, पाचशेच्या स्टँपवर हक्कसोड करून टाका." आपल्याकडे हक्कसोड हा शब्द बहिणीच्याच वाट्याला का येतो, हा वेगळा विषय. साडी-चोळी करायची, जेवण घालायचं आणि सही घ्यायची. २००५ मध्ये हिंदू वारसा कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला. तेव्हापासून तर सह्या घेण्याची घाई वाढलीय, निदान मला तरी तसं दिसतं.

पण इथे मामाचा सल्ला कायद्यातही बसत नाही. नाममात्र शुल्कातलं हक्कसोडपत्र वडिलोपार्जित मिळकतीसाठी असतं. ताई वारस नाही, खरेदीदार आहे. तिचा हिस्सा सोडायचा तर त्यावर खरेदीखताइतकंच मुद्रांक शुल्क लागतं.

मग बक्षीसपत्र? इथे महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यातली एक गंमत बघा. राहतं घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा दिवंगत मुलाची बायको यांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. या यादीत भाऊ-बहीण नाहीत. त्यांना तीन टक्के आणि वर अधिभार. आई-वडीलही यादीत नाहीत. आईनं मुलीला घर दिलं तर दोनशे, मुलीनं आईला दिलं तर तीन टक्के. माया वरून खाली वाहते असं म्हणतात, सरकारनं ते फारच मनावर घेतलेलं दिसतं.

तरी बक्षीसपत्र स्वस्त पडलं असतं. पण बक्षीस म्हणजे मोबदल्याशिवाय. ताईचे तीन लाख आणि चार वर्षांचे हप्ते, त्याचं काय? ती स्वतः म्हणाली, "मला तीन लाख दे, बाकी राहू दे, माझंही घर होतं ते." बाबा गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे होकार, हे मला घरात कोणी सांगायला नको. माझी बायको मात्र म्हणाली, "त्यांनी तेव्हा हप्ता भरला नसता तर हे घर झालंच नसतं. आता त्यांना घर हवंय तर आपण तीन लाखांवर भागवायचं?" ती बोलली नसती तर बहुतेक तीन लाखांवरच भागलं असतं. ताई तक्रार करणाऱ्यांतली नाही.

मग आम्ही बसून ठरवलं. ताईला १४ लाख, आणि कर्जातून पूर्ण सुटका. पैसे द्यायचे तर ते बक्षीस नाही, विक्री आहे. बक्षीसपत्र करून पैसे मागच्या दारानं द्या, असं सुचवणारे भेटले. वकीलबाईंनी एकच विचारलं, "उद्या ताईंना नव्या घरासाठी १४ लाख कुठून आले ते दाखवायला लागलं, तर काय दाखवणार?"

करारात कोणाचा हिस्सा किती हे लिहिलेलंच नव्हतं. अशा वेळी, उलट पुरावा नसेल तर, समान धरतात. रेडी रेकनरप्रमाणे फ्लॅट ६० लाखांचा, अर्धा ३० लाख. मोबदला कमी असला तरी शुल्क या ३० लाखांवरच. पुण्यात अधिभारासकट सात टक्के, म्हणजे २ लाख १० हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. आपल्याच घराचा अर्धा भाग आपल्याच बहिणीकडून घ्यायला २ लाख ४० हजार सरकारला. ताई पैसे नव्या घरात घालतेय, त्यामुळे भांडवली नफ्यावरच्या करातून सुटेल, तेवढा दिलासा.

आता बँक. शाखेत तीन वेळा गेलो, तीन उत्तरं मिळाली. पहिला म्हणाला नाव काढता येत नाही. दुसरा म्हणाला आधी नोंदलेलं खत आणा, मग बघू. तिसऱ्या बाईंनी नीट सांगितलं. घर गहाण आहे, त्यामुळे आधी बँकेची ना-हरकत, मग खत. आणि ना-हरकत तेव्हाच, जेव्हा उरलेला कर्जदार नव्यानं पात्र ठरेल. म्हणजे पगारपत्रक, रिटर्न, व्हॅल्युएशन, प्रोसेसिंग फी सगळं पहिल्यापासून. जुनं १९ लाख बाकी आणि ताईचे १४ लाख मिळून नवं कर्ज काढायचं, जुनं बंद करायचं. फ्लोटिंग दराच्या घरकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड नाही, हे तरी बरं. दुसऱ्या दोन बँकांकडेही विचारलं होतं. रक्ताच्या नात्यातला व्यवहार म्हणून त्यांनी नको म्हटलं.

मुद्दा पैशांपेक्षा मोठा आहे. करारातलं नाव आणि कर्जातलं नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बायकांना बरेचदा पहिल्यातून काढतात, दुसऱ्यात ठेवतात. माझ्या ऑफिसातल्या एकीचा परस्परसंमतीनं घटस्फोट झाला. फ्लॅट नवऱ्याला, हप्तेही तोच भरणार, असं कोर्टाच्या कागदावर. त्यानं भरणं थांबवलं तेव्हा साठ दिवसांची नोटीस तिलाही आली. कोर्टातला समझोता नवरा-बायकोतला होता, बँक त्यात नव्हतीच. घर गेलं, कर्ज राहिलं.

ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक घरकर्जासोबत मुख्य माहितीचं पत्रक देणं रिझर्व्ह बँकेनं सक्तीचं केलंय. व्याज, शुल्क, सगळं त्यात येतं. सहकर्जदाराला बाहेर पडायचं असेल तर काय करावं लागेल, याचा रकाना त्यात नाही. तो टाकायला किती जागा लागते? आणि राज्य सरकारनं त्या दोनशे रुपयांच्या यादीत भाऊ, बहीण आणि आई-वडील घालावेत. आपल्या भागाच्या आमदारांना मी हे लेखी दिलंय. तुमच्याकडे असंच प्रकरण असेल तर तुम्हीही द्या, एका पत्रानं कोणी हलत नाही.

नव्या कर्जात माझा एकट्याचा पगार पुरत नाही, म्हणून आता बायकोचं नाव सहकर्जदार म्हणून लागतंय. फॉर्मवर सही करण्याआधी तिनं विचारलं, "आणि उद्या मला बाहेर पडायचं झालं तर?" ताईचा हिस्सा आम्ही दोघं मिळून घेतोय. कोणाचा किती, ते टक्क्यांत लिहायला वकीलबाईंना सांगितलंय. मसुदा परवा येतोय, तो आधी बायको वाचणार आहे.