तोफ ओतणाऱ्याचा प्रश्न

सोनारीच्या काळभैरवनाथाची चैत्रातली यात्रा आम्हा ख्रिस्ती घरांतल्या पोरांनाही चुकायची नाही. देवळात जायचं नाही, एवढं घरून बजावलेलं असायचं. पाळणे आणि गुडीशेव यांना मुभा होती. यात्रेला जोडून मोठी माणसं आम्हाला परांड्याच्या किल्ल्यावर न्यायची. बुरुजांवर तोफा अजून आहेत. सगळ्यांत मोठी मात्र तिथे नाही. मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरात महंमद बिन हसन रूमी या तुर्क कारागिराने निजामशहासाठी ओतली. ती परांड्याला होती, १६३२ साली विजापूरकरांनी नेली. १६८६ला विजापूर पडलं, तेव्हा औरंगजेबाने स्वतःच्या विजयाचा लेख तिच्यावर कोरून घेतला. तोफेचं तोंड म्हणजे सिंहाचा उघडा जबडा आहे, त्यात हत्ती सापडलेला. ते काम बघताना कारागिराचा हात किती तयार होता हे कळतं. ओतताना त्याच्या डोळ्यांसमोर एकच धनी होता. तोफेला तीन मिळाले.

माझे मामा पुण्याला खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. १८६९ पासूनचा हा कारखाना. मामा फिटर, हात अतिशय साफ. खंडेनवमीला त्यांच्या खात्यात यंत्रांची पूजा व्हायची. लेथला झेंडूची माळ, चकवर हळदकुंकवाची बोटं, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर पाटावर मांडलेले. मामा आदल्या दिवशी यंत्र पुसून लख्ख करून ठेवायचे आणि पूजेच्या वेळी बाजूला उभे राहायचे. कुंकू लावायचे नाहीत. पेढा घ्यावा की नाही, यावर आमच्या मंडळीत एकदा मोठी चर्चा झाली होती. पाळकसाहेबांनी वचनं काढली, वडीलधाऱ्यांनी मतं दिली. त्या यंत्रावर काय तयार होतं, हा विषय कुणीच काढला नाही. पेढ्यावर तासभर बोलणाऱ्या त्या मंडळीत तोफगोळ्यावर एक शब्द निघाला नाही, याचं मला आज फार वाईट वाटतं.

हे आमच्याच मंडळीचं दुखणं नाही. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुलियन या धर्मलेखकाने ख्रिस्ती माणसाने कोणता धंदा करू नये, याचा विचार केला. मूर्ती घडवणं बंद करा म्हणाला, देवळांसाठी धूप विकणाऱ्यालाही सोडलं नाही. शिपाईगिरीबद्दलही तो कडक होता. पण शस्त्र घडवणारा लोहार त्याला मूर्तिकारासारखा अडवावासा वाटला नाही. त्यानंतर ऑगस्टीनपासून न्याय्य युद्धाचा विचार आला, तोही राजाचा आणि शिपायाचा. कारागीर पुन्हा वगळला गेला.

शिपायाची आणि कारागिराची बाजू मला सारखी वाटत नाही. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे शिपाई आले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितलं नाही. लोकांना लुबाडू नका, पगारात समाधान माना, एवढंच सांगितलं. शिपायासमोर माणूस असतो. गोळी झाडायची की नाही, शरण आलेल्याला मारायचं की नाही, हे त्याच्या हातात थोडं तरी असतं. गोळा बनवणाऱ्याच्या हातात तेवढंही नसतं. तो गोळा कोठारात वर्षानुवर्षे पडून राहतो आणि ज्या युद्धात वापरला जातो, ते बनवताना सुरूही झालेलं नसतं. न्याय्य युद्धाच्या कसोट्या त्याने लावायच्या तरी कशाला?

मामांचं उत्तर सरळ होतं: आपल्या जवानाला रिकाम्या हाताने सीमेवर पाठवायचं का? हे उत्तर मी हलकं मानत नाही. पहिल्या शमुवेलात पलिष्ट्यांनी इस्राएलात लोहारच राहू दिला नाही, नांगराचा फाळ पाजवायलाही शत्रूकडे जावं लागायचं, अशी हकिकत आहे. निःशस्त्र माणसांचे हाल शास्त्रालाही ठाऊक आहेत. पोप फ्रान्सिस २१ जून २०१५ रोजी तुरीनमध्ये तरुणांशी बोलताना म्हणाले की शस्त्रं बनवायची आणि ख्रिस्ती म्हणवून घ्यायचं, यावर विश्वास कसा ठेवावा. त्याच भाषणात त्यांनी विचारलं की छळछावण्यांकडे जाणारे रेल्वेमार्ग माहीत असून बड्या राष्ट्रांनी ते बॉम्बने का उडवले नाहीत. बॉम्ब कुणीतरी बनवलेलाच असावा लागतो. ही अडचण पोपमहोदयांनाही टळली नाही, मग मामांना कशी टळेल?

पण मामांचं उत्तर आता पूर्वीसारखं पुरत नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडियाकडे गेला. २०२४-२५ मध्ये देशाची संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर पोचली. निर्यात झालेला माल आपल्या जवानाच्या हातात पडत नाही, आणि पुढे तो कुठे वापरला जातो हे लेथवरच्या माणसाला कुणी सांगत नाही. म्हणून माझं मत असं झालं आहे की देशरक्षणाच्या नावावर हे काम पत्करलेल्या ख्रिस्ती माणसाला, माल कुठे जातो हे विचारण्याचा हक्क आहे. उत्तर मिळत नसेल तर त्याने दुसरं काम शोधावं.

शोधावं म्हणणं सोपं आहे. बर्मिंगहॅमच्या क्वेकर, म्हणजे युद्धाला विरोध करणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, मंडळीने १७९६ साली सॅम्युअल गॉल्टन या बंदुका बनवणाऱ्या सभासदाला काढून टाकलं. गॉल्टनचं म्हणणं होतं की युद्धाचा कर भरणारे तुम्ही सगळेच यात आहात. त्याचं म्हणणं खोडणं अवघड आहे. मला जवळची वाटते ती १९८१ सालची अमेरिकेतली गोष्ट. टेक्सासातल्या अमारिलोजवळ अण्वस्त्रं जुळवणारा कारखाना आहे. तिथल्या बिशप मॅथिसन यांनी कामगारांना विनंती केली की सदसद्विवेकाला विचारा, जमलं तर दुसरं काम धरा. सोडणाऱ्यांच्या घरखर्चासाठी नंतर निधीही उभा राहिला. बाहेर पडणारे अगदी मोजके निघाले, पण त्यांना वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं.

निवृत्तीनंतर मी मामांना विचारलं होतं की कधी सोडावंसं वाटलं का. ते म्हणाले, "वाटलं असतं तर तुझ्या मामेभावाची फी मंडळी भरणार होती का?" पुढच्या वार्षिक सभेत मी हाच प्रश्न लेखी देणार आहे, रकमेच्या आकड्यासह.