सरांची निवृत्ती आणि एक रिकामी जागा

विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात एखादे सर सेवानिवृत्त झाले की निरोप समारंभ होतो. शाल, श्रीफळ, दोन-तीन भाषणे, समोसा आणि चहा. विभागाच्या वार्षिक अहवालात त्यावर दोन ओळी छापून येतात. बहुतेकांच्या लेखी बातमी तिथे संपते. आमच्यासारख्या आई-बापांच्या लेखी ती तिथे सुरू होते. सर गेले म्हणजे एक जागा रिकामी झाली! ती भरणार की नाही, कधी भरणार, कोणत्या प्रवर्गासाठी निघणार, कायम निघणार की तासांवर, हे प्रश्न आमच्या घरात गेली सहा-सात वर्षे भाजी-भाकरीसारखे रोज ताटात आहेत.

आम्ही म्हणजे उभयता. एक टपाल खात्यातून निवृत्त, दुसरी जिल्हा परिषदेच्या शाळेतून. आमची थोरली मुलगी संगणकशास्त्रात एम.एस्सी. झाली, सेट पास झाली आणि एका विद्यापीठाच्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवू लागली. विद्यापीठाचे नाव इथे देत नाही. ते कळून वाचकांचा काही फायदा नाही, आणि मुलीला त्याच वर्तुळात वावरायचे आहे.

तासिका तत्त्व म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात असा प्राध्यापक आहे त्यांना सांगायला नको. जेवढे तास घेतले तेवढ्याचेच मानधन. दिवाळीची सुटी आपली, पगार नाही. मे महिना आपला, पगार नाही. दर वर्षी नवा अर्ज, नवी मुलाखत, नवा आदेश. शेजारच्या खोलीत तोच विषय शिकवणारे कायम सहायक प्राध्यापक सातव्या वेतन आयोगाप्रमाणे 57,700 रुपये मूळ वेतनापासून सुरुवात करतात, वर भत्ते. विद्यार्थ्यांना दोघांतला फरक कळत नाही. हजेरीपटावर दोघेही ‘सर’ आणि ‘मॅडम’च.

लग्नकार्यात, जलदानाला, जिथे नातेवाईक भेटतील तिथे प्रश्न ठरलेला. “कॉम्प्युटर शिकली ना? मग पुण्याला कंपनीत का नाही टाकली?” जणू मुलगी म्हणजे टपालपेटीत टाकायचे पाकीट! तिचे उत्तर एवढेच असायचे, “मामा, मला शिकवायचंय.” बाबासाहेब 1918 साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. आपल्या घरांत शिक्षकाच्या खुर्चीला जो मान आहे तो काही पगाराच्या आकड्यातून आलेला नाही. पण नुसत्या मानावर घरभाडे भरता येत नाही, हेही तितकेच खरे.

आता जागांच्या हिशेबाकडे येऊ. हा हिशेब आपल्या प्रत्येक पदवीधर मुलामुलीने तोंडपाठ करावा असा आहे. संगणकशास्त्र विभाग बहुधा लहान असतो. एक प्राध्यापक, दोन सहयोगी प्राध्यापक, चार सहायक प्राध्यापक, असा साधारण साचा. अशा विभागात आरक्षण कसे मोजायचे? संपूर्ण विद्यापीठ एक धरून, की प्रत्येक विभाग वेगळा धरून? वरवर पाहता हा कारकुनी प्रश्न वाटतो. पण सगळी मेख तिथेच आहे.

विद्यापीठ एक धरले तर 200 बिंदूंची नामावली लागते. केंद्राच्या प्रमाणाने त्यात 30 जागा अनुसूचित जातींच्या, 15 अनुसूचित जमातींच्या, 54 इतर मागासवर्गीयांच्या. विभाग वेगळा धरला की लहान विभागाला 13 बिंदूंची नामावली. तिच्यात चौथी जागा इतर मागासवर्गाची, सातवी अनुसूचित जातीची, आणि चौदावी, म्हणजे फेरा पूर्ण झाल्यावरची, अनुसूचित जमातीची. आता वाचकांनीच बोटे मोजावीत. ज्या विभागात सहायक प्राध्यापकाच्या चारच जागा आहेत तिथे सातवा बिंदू यायचा कधी? चारही जागा भरल्यानंतर आणखी तिघे निवृत्त होतील तेव्हा! तिशीत लागलेला माणूस साठीला निवृत्त होतो. तोवर आपली एक अख्खी पिढी फलकासमोर उभी राहून म्हातारी होणार. प्राध्यापकाचे पद तर विभागात एकच असते, आणि एकट्या पदाला आरक्षण लागत नाही हा सर्वोच्च न्यायालयाचा 1998 सालचा निवाडा आहे.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने एप्रिल 2017 मध्ये विभाग हाच घटक धरावा असा निकाल दिला. त्यावरून विद्यापीठ अनुदान आयोगाने 5 मार्च 2018 रोजी पत्रक काढले. 22 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयानेही केंद्राची याचिका फेटाळली. मग देशभर मोर्चे निघाले, 5 मार्चला भारत बंद झाला, आणि 7 मार्च 2019 रोजी सरकारला अध्यादेश काढावा लागला. त्याच वर्षी जुलैमध्ये संसदेने कायदा केला. केंद्रीय शिक्षण संस्थांत आता संपूर्ण संस्था हाच घटक आहे. त्या बंदच्या दिवशी आम्ही दोघेही रस्त्यावर होतो. पाय दुखत होते, पण गेलो. आपल्या राज्याच्या विद्यापीठांचे नियम राज्याचे. इथे अनुसूचित जातींचे प्रमाण 13 टक्के, केंद्रात 15. जाहिरात हातात आली की ती केंद्राची की राज्याची, हे आधी पाहावे.

असो. मुख्य गोष्ट पुढेच आहे.

आमची मुलगी शिकवत होती त्या विभागाची जाहिरात एकदाची निघाली. ‘सहायक प्राध्यापक, संगणकशास्त्र, एक पद, अनुसूचित जाती.’ घरात त्या दिवशी गोड झाले. मुलाखतीला सहा जणांना बोलावले. सहाही जण नेट किंवा सेट पास, दोघे पीएच.डी. आमची मुलगी आत गेली आणि आठ मिनिटांत बाहेर आली. नाव काय, गाव कोणते, वडील काय करतात, कंपनीत का गेली नाहीस, यात पाच मिनिटे गेली. मग एकाने विचारले, कोणताही प्रोग्रॅम कधी ना कधी थांबेल की चालतच राहील, हे आधी ठरवून देणारा प्रोग्रॅम लिहिता येईल का? हा तिचा आवडता भाग. ॲलन ट्युरिंगने 1936 साली असा प्रोग्रॅम असूच शकत नाही हे सिद्ध केले, असे सांगून ती फळ्याकडे वळली. सिद्धता अर्ध्यावर आली तोच “ठीक आहे, पुरे” असे शब्द आले.

निकाल लागला. ‘योग्य उमेदवार आढळला नाही.’

सहांपैकी एकही नाही! खुल्या जागेसाठी असा शेरा क्वचितच वाचायला मिळतो. राखीव जागेसाठी मात्र तो शिक्का बनवून ठेवल्यासारखा आहे. 2018 च्या यूजीसी नियमावलीने गुणांचा तक्ता केवळ मुलाखतीला कोणाला बोलवायचे एवढ्यापुरता ठेवला आणि निवड मुलाखतीवर सोपवली. निवड समितीत मागासवर्गीयांचा प्रतिनिधी हवा असेही तीच नियमावली म्हणते. प्रतिनिधी त्या दिवशीही होता, आणि त्याची सहीसुद्धा आहे.

याच्या पुढचा प्रकार ऐकून वाचकांना हसावे की रडावे कळणार नाही. जुलै लागला. विभागातून फोन आला, “मॅडम, थिअरी ऑफ कम्प्युटेशनचे तास यंदाही तुम्हीच घ्या. दुसरं कोणी तयार नाही.” म्हणजे ज्या विषयाची ती जागा, त्या जागेला ती अयोग्य, आणि तोच विषय तासांवर शिकवायला तिच्याशिवाय कोणी योग्य नाही!

आमच्यापैकी एकाचे म्हणणे पडले की फोनवरच चार शब्द सुनावून मोकळे व्हावे. दुसरीचे म्हणणे, तिला ठरवू दे. तिने तास घेतले. “आई, मुलांनी काय केलंय? ती माझ्या भरवशावर आहेत,” म्हणाली. पण त्याच संध्याकाळी तिने पोस्टातून दहा रुपयांची ऑर्डर आणायला सांगितली आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायला बसली.

अर्जात तीनच गोष्टी मागितल्या. विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाने तपासलेल्या बिंदूनामावलीची प्रत, निवड समितीचे इतिवृत्त, आणि तिला स्वतःला मिळालेले मुलाखतीचे गुण. 2005 च्या कायद्याप्रमाणे 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. तिसाव्या दिवशी उत्तर आले. नामावलीवरून दिसले की ती राखीव जागा आजची नाही, आधीच्या भरतीतही ती अशीच रिकामी ठेवून पुढे ढकललेली होती. इतिवृत्तात सहाही नावांपुढे एकच शेरा, एकाच हस्ताक्षरात. गुण नाहीत. आठ मिनिटांत माणूस मोजला आणि मोजलेला आकडा कुठे लिहिलाच नाही! पहिले अपील केले. त्यावर ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढेच उत्तर आले.

या धावपळीत तिने आणखी एक गोष्ट केली. त्या गुणांच्या तक्त्याकडे नीट पाहिले. सेटला 3 गुण, नेटला 5, जेआरएफसह नेटला 7, आणि पीएच.डी.ला 30. शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला 2, जास्तीत जास्त 10. (तासिकेवर शिकवणाऱ्यांनी अनुभवाचे प्रमाणपत्र दर वर्षी, मार्चमध्येच, सहीशिक्क्यासह मागून घ्यावे. चार वर्षांनी विभागप्रमुख बदलतात आणि मग कोणालाच काही आठवत नाही.) विद्यापीठ विभागात सहायक प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. सक्तीची करण्याचे ठरले होते, ते जुलै 2023 मध्ये मागे घेऊन नेट, सेट पुरेसे ठेवले. कागदावर पुरेसे. यादी लावताना 30 गुणांचा डोंगर आडवा येतोच.

तेव्हा पुन्हा नेटची तयारी. दोन पेपर, पहिला 50 प्रश्नांचा 100 गुणांचा, दुसरा 100 प्रश्नांचा 200 गुणांचा, सलग तीन तास. खुल्या वर्गाला किमान 40 टक्के, आपल्याला 35, पण त्या किमान गुणांवर विसंबून राहणारा मुलगा घरीच बसतो, कारण परीक्षा दिलेल्यांपैकी सहा टक्केच पात्र ठरतात. नुसत्या नेटला वयाची अट नाही. जेआरएफला 30 वर्षांची आहे, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास आणि महिलांना पाच वर्षांची सूट. तिला एकतीस पूर्ण झाले होते. सूट होती म्हणून दार उघडे राहिले. सकाळी विद्यापीठ, रात्री अभ्यास, आणि रविवारी विहाराच्या सभागृहात चार-पाच मुलींना घेऊन पेपर एकची शिकवणी. दुसऱ्या खेपेला जेआरएफ झाली. दरमहा 37,000 रुपये, दोन वर्षांनंतर 42,000.

जेआरएफ न मिळालेल्यांनीही हात गाळू नयेत. अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी केंद्राची वेगळी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, पुण्याच्या बार्टीची आहे. परदेशी जाणाऱ्यांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती 1954-55 पासून आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती 2003 पासून चालू आहे. गेट पास होऊन एम.टेक.ला गेले तर महिना 12,400. विभागात शिक्षकांखेरीज प्रयोगशाळा सहायक, तांत्रिक सहायक, प्रकल्पातले संशोधन सहायक अशाही जागा निघतात. आमच्या गल्लीतला एक मुलगा असाच प्रकल्पावर लागला आणि तिथूनच पीएच.डी.ला गेला. केंद्राच्या जागेला राज्याच्या नमुन्यातला जातीचा दाखला चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातला लागतो. बौद्धांना केंद्राच्या सवलती 1990 च्या दुरुस्तीनंतर मिळाल्या, त्या दाखल्यातल्या एका शब्दासाठी घालवू नका.

पीएच.डी.साठी तिला परराज्यातल्या केंद्रीय विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि आमच्या घरात पहिल्यांदाच आनंदाच्या दिवशी शांतता पसरली. 2016 साली रोहित वेमुला गेला, 2019 साली पायल तडवी गेली. ही नावे आमच्यापैकी कोणी उच्चारली नाहीत, पण दोघांच्याही मनात तीच होती. मुलगी आमच्याकडे बघून म्हणाली, “पप्पा, रोज रात्री नऊला फोन करीन. नाही केला तर तुम्ही करायचा. आणि मी ‘बरी आहे’ म्हटलं तरी आई, तू दुसऱ्यांदा विचारायचं.” तसे ठरले. तेव्हापासून नऊ वाजता आमच्या घरातला दूरदर्शन संच बंद असतो.

ती जाऊन वर्ष होत आले. विषय तोच आहे, संगणकाला काय जमते आणि काय जमत नाही याची सिद्धता. मार्गदर्शक मॅडम कडक आहेत, पण वेळ देतात. रविवारची शिकवणी तिच्या मागे बंद पडली नाही. पहिल्या तुकडीतली एक मुलगी सेट झाली, तीच आता घेते.

विभागातली ती जागा अजून रिकामी आहे. आम्ही राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील पाठवले, 90 दिवसांच्या मुदतीच्या आत. स्पीड पोस्टची पावती, पहिल्या उत्तराची प्रत आणि ते एकाच हस्ताक्षरातले इतिवृत्त, सगळे एका फाइलीत लावून ठेवले आहे. सुनावणीच्या दिवशी मुलीला येता आले नाही तर आमच्यापैकी एकाने तिचे अधिकारपत्र घेऊन उभे राहायचे आहे. कोण उभे राहणार, यावर घरात अद्याप एकमत झालेले नाही. दोघांनाही जायचे आहे.